आधी दोर धरणाऱ्याशी बोलणाऱ्या उमाटेबाई

देवळीच्या बाजारातल्या माझ्या गोदामाची पुढची खोली मी डॉ. प्रमिलाबाई उमाटे यांना महिना वीस रुपये भाड्याने दिली, असे सगळे सांगतात. पावतीवर ते खरेच आहे. पण त्या खोलीचा खरा खर्च मी एकदा मनाशी मांडून पाहिला होता. खोलीतली सरकीची पोती मागच्या पडवीत हलवली, तिथे ती उंदरांनी फोडली. बाईंच्या सांगण्यावरून मागच्या भिंतीत दुसरे दार काढले. गवंडी, चौकट, कडीकोयंडा आला. दोन बाकडी आली. माठ आला आणि माठ भरणारी आली. माणसे बाहेर ताटकळत बसली की दुकानातून चहा जायचा, तो मी धरतच नाही. वीस रुपयांची खोली मला पहिल्या वर्षी महिना साठाला पडली. धंद्यात असा सौदा मी आधी केला नव्हता, नंतरही केला नाही. आणि हीच खोली बाईंना काय भावाने पडली, ते कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

आज बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या कामाची शास्त्रीय बाजू या गौरवग्रंथात विद्वान मंडळी लिहितीलच. मी हमाली करून वर आलेला माणूस. आधी पोती उचलली, मग मापारी झालो, मग दुकान टाकले. गादीवर बसून बाजार ऐकणे एवढेच माझे शिक्षण. तेव्हा मी जे ऐकले आणि जे पाहिले तेवढेच लिहितो.

ज्या वर्षी आणीबाणी लागली त्या उन्हाळ्यात बाई पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या. वर्ध्याहून एस.टी.ने आलेल्या, सुती लुगडे, हातात छत्री, खांद्याला पिशवी. मला वाटले, कुठल्या संस्थेची वर्गणी असेल. मी गल्ल्यात हात घातलाच होता.

"वर्गणी नको," त्या म्हणाल्या. "खोली पाहिजे. फक्त बाजाराच्या दिवशी. दवाखाना लावायचा आहे."

"कशाचा दवाखाना जी?"

"मनाच्या आजाराचा."

मी हसलो. "बाई, देवळीत कोण येईन त्याच्यासाठी?"

"काऊन? देवळीच्या माणसाले मन नसते का?" शिकलेल्या बाईने एकदम आमच्या बोलीत विचारले आणि मी गल्ल्यातून हात काढला. मूळच्या त्या समुद्रपूरकडच्या शेतकरी घरातल्या. डॉक्टरकी नागपूरला शिकल्या, काही वर्षे सरकारी मनोरुग्णालयात काम केले, तिथे मन रमेना म्हणून राजीनामा देऊन वर्ध्याला स्वतःचा दवाखाना काढला. हे सगळे मला नंतर कळले. त्या दिवशी कळले ते एवढेच, की या बाईंना सौदा करता येतो. मी पंचवीस सांगितले, त्यांनी पंधरा.

"तुम्ही मापारी होतात ना, बापूराव? मग काट्याचा मध्य मी तुम्हाला सांगायला नको."

वीसला सौदा झाला. मग दोन दारांची अट घातली. बाजाराचा दिवस त्यांनी विचार करून धरला होता. त्या दिवशी खेड्यापाड्यांतून येणाऱ्याला कुठे चालला म्हणून कोणी विचारत नाही. हातात पिशवी असली म्हणजे झाले. पुढच्या दाराने आत यायचे, मागच्या दाराने भाजीबाजारात निघायचे. दारावर हातभर पत्रा लावला, त्यावर लिहिले, "डॉ. उमाटे. डोकेदुखी व झोप न येणे." यात खोटे काही नव्हते. ज्याचे मन बिघडते त्याची झोप आधी जाते. मनाच्या आजाराचे नाव मात्र कुठे नव्हते.

माझी गादी त्या खोलीच्या भिंतीला लागून होती. मधली भिंत विटांची, पण वर फटी होत्या, आणि माझे कान बाजारात प्रसिद्ध. दुसऱ्याच बाजाराला बाई दुकानात आल्या. म्हणाल्या, "बापूराव, तुमची गादी पलीकडच्या भिंतीला घ्या."

"काऊन जी? वीस वर्षांपासून इथेच बसतो."

"म्हणूनच."

मी गादी हलवली. तेव्हापासून आत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. पुढची हकीगत मी सांगतो, ती ज्याची आहे त्यानेच मला आणि निम्म्या तालुक्याला सांगितली आहे आणि लिहायला होकार दिला आहे.

जवळच्या गावचे दोघे भाऊ. धाकट्याचे डोके फिरले होते. थोरल्याने त्याला बैलगाडीत घातले, कमरेला दोर बांधला आणि दोराचे टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळून घेऊन आला. बाजाराची अर्धी माणसे गाडीमागे. बाई बाहेर आल्या. धाकट्याला त्यांनी सावलीत बसवले, पाणी दिले, आणि थोरल्याला म्हणाल्या, "तुम्ही आत चला."

तो म्हणाला, "अजी बाई, पागल तो हाय. मी नाई!"

"हो. पण दोर तुमच्या हातात आहे. किती महिने झाले?"

"पेरणीपासून."

"जेवता कधी? झोपता कधी? दोर सोडून शेतावर कोण जातं?"

तो पैलवानासारखा गडी. आत गेला आणि अर्ध्या तासाने बाहेर आला तो उपरण्याने तोंड पुसतच. मग बाईंनी दोर स्वतः सोडला आणि धाकट्याला आत घेतले. तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांच्या म्हाताऱ्या आईला पुढच्या बाजाराला बोलावले, थोरल्याच्या बायकोला बोलावले. गोळ्या धाकट्याला, पण बोलणे सगळ्यांशी. दोन वर्षांनी धाकटा बैलजोडी घेऊन वखरावर होता. बाईंची ही रीत मी नेहमी पाहिली. आधी दोर धरणाऱ्याशी बोलायचे. त्या म्हणत, "रोगी माझ्याकडे महिन्यातून एकदा येतो. बाकीचे दिवस तो या माणसाच्या हातात असतो."

आता दराची गोष्ट.

खेड्यात जाऊन रोगी तपासणाऱ्या खाजगी डॉक्टरला सरकारकडून मानधन मिळत असे. दर रोग्यामागे दोन रुपये. खरूज असो, खोकला असो, की विहिरीत उडी घ्यायला निघालेली सून असो, दोन रुपये. विजेच्या झटक्याला मात्र वेगळा दर होता, पंधरा रुपये. बोलण्याला दर नव्हता. दुसरा डॉक्टर सकाळभरात बाजार उरकावा तसे रोगी उरकून जेवायला घरी जाई. बाई तेवढ्या वेळात सहा-सात जणांना पाहत. शिवाय बाजाराच्या दिवशी त्यांचा वर्ध्याचा दवाखाना बंद, आणि वर्ध्यालाही त्याच दिवशी सर्वांत जास्त माणूस येई. त्या घरचे खाऊन देवळीला येत होत्या.

मी त्यांना म्हणालो, "बाई, तुमचं नाव झालं. लोक पाया पडतात. दराचं काऊन एवढं मनावर घेता?"

"माझ्यासाठी नाही घेत. माझ्यामागून कोण येईल ते सांगा."

खरेच होते ते. दोन तरुण डॉक्टर त्यांनी हाताखाली तयार केले होते. दोघेही हुशार, दोघांचेही मन कामात. एक वर्षभर टिकला, मग लग्न झाले आणि नागपूरला गेला. दुसऱ्याने झटक्याचे यंत्र घेतले आणि वर्षाच्या आत स्वतःचे घर बांधले. बाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सरकारने ज्याला भाव दिला ते त्याने पेरले." कापसाच्या मुलखात हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही.

पण आमचा जिल्हा सेवेचा. इथे सूत कातणाऱ्याला मान, आणि पैसे मागणाऱ्याकडे लोक तिरक्या नजरेने पाहतात. वर्ध्याच्या एका सभेत बाईंनी दराचा विषय काढला, तेव्हा खादीतले एक वयोवृद्ध गृहस्थ उभे राहिले. फार मोठे मन होते त्यांचे, त्यांच्याविषयी मला आदरच आहे. ते म्हणाले, "ताई, सेवेचा दर मागायचा नसतो."

बाई उठल्या. "काका, ज्या सेवेला दर नाही ती एका माणसाबरोबर संपते. मला माझ्यानंतरही हा दवाखाना चाललेला पाहिजे."

सभेत कोणी टाळी वाजवली नाही. मला मात्र पहिल्यांदा वाटले, की ही बाई आपल्या जातीची आहे. माझी जात म्हणजे बाजाराची. ज्या मालाचा भाव फळ्यावर लागत नाही तो माल कितीही चांगला असो, पुढच्या वर्षी त्याची आवक होत नाही, हे मला माहीत होते. त्या दिवसापासून मी बाईंच्या मागे लागलो, म्हणजे त्यांच्या मागे-मागे फिरू लागलो.

फिरलो किती, याला माप नाही. वर्ध्याचे कार्यालय, नागपूरचे कार्यालय, आणि दर डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरले की तिथली रांग. बाईंची मागणी एकच होती. रोग्याच्या पहिल्या बैठकीला वेगळा दर द्या, आणि घरच्या माणसाशी बोलण्याचा वेळ त्यात धरा. त्यावर एका साहेबांशी झालेले बोलणे मला पाठ आहे.

"बाई, तो दोर धरणारा तुमचा रोगी आहे का?"

"नाही."

"मग त्याच्याशी बोलण्याचे पैसे सरकारने कसे द्यायचे?"

"त्याच्याशी न बोलता रोगी बरा करायचा कसा, तेवढं लिहून द्या. मी तसं करते."

साहेब थोडे नरमले. म्हणाले, "झटके द्या की! त्याला आहे ना दर."

"ज्याला लागेल त्याला देईनच. दर आहे म्हणून देणार नाही."

दर वेळी अर्ज परत यायचा. बाई चिडत नसत, रडत नसत, कोणाचा वशिला लावत नसत. परत आलेल्या अर्जातली हरकत वाचून त्या हरकतीपुरता नवा अर्ज करत. एकदा नागपूरच्या कार्यालयात दुपारपर्यंत बसवून ठेवले. कारकून म्हणाला, साहेब जेवायला गेले. बाईंनी पिशवीतून डबा काढला. ज्वारीची भाकर, झुणका आणि लाल मिरचीचा ठेचा. कार्यालयभर ठेच्याचा वास.

"अहो बाई, इथे जेवायचं नसतं!"

"मग साहेबांना लवकर बोलवा. मी लवकर जाते." असे म्हणून त्यांनी अर्धी भाकर मोडून त्याच्यापुढे ठेवली. "घ्या. तुम्ही कधी जेवता?"

कारकुनाने इकडे तिकडे पाहिले आणि भाकर घेतली. साहेब आले तेव्हा आमचा कागद सर्वांत वर होता. सही त्या दिवशीही झाली नाही, ही गोष्ट वेगळी.

सही झाली ती रंगीत टीव्ही आला त्या वर्षी. नवे साहेब आले होते, तरुण, ऐकून घेणारे. त्यांनी पहिल्या बैठकीला बारा रुपये दर मान्य केला, पण एका तिमाहीपुरता आणि फक्त देवळीला. देवळीत तिमाहीभर नीट रोगी आले तर दर साऱ्या विभागात लागू. नाही आले तर प्रकरण बंद. आणि अट अशी, की दारावर सरकारी पाटी लागली पाहिजे आणि रोग्यांनी पाटीखालून, पुढच्याच दाराने आले-गेले पाहिजे. साहेबांचे म्हणणे गैर नव्हते. सरकारचा पैसा कशावर खर्च होतो ते रस्त्यावरून दिसले पाहिजे.

पाटी आली. निळ्यावर पांढरी अक्षरे, बैलगाडीच्या रुंदीची. "शासनमान्य मनोरुग्ण उपचार केंद्र."

मी ती दोनदा वाचली. म्हणालो, "बाई, ही पाटी लागली तर चिमणीसुद्धा येणार नाई. माझं ऐका. गोदामात ठेवून देऊ. साहेब तपासणीला येतील त्या दिवशी लावू, गेले की काढू."

"बापूराव, मापात मारायला काट्याखाली लोखंड लावायचा धंदा माझ्या दवाखान्यात नको."

"तो धंदा मी कधी केला नाई."

"पण आत्ता सुचला तर खरा." मग म्हणाल्या, "पाटीवर लिहिलंय त्यात खोटं काय आहे? खोटी आपली भीती आहे. इतकी वर्षं मीच ती जपली. लोकांसाठीच जपली, पण जपली. लावा पाटी."

पाटी लागली. मागच्या दाराला कुलूप लागले. त्या बाजाराला खोलीत कोणी आले नाही. पुढच्या बाजाराला कोणी आले नाही. माणसे येत, लांबून पाटी पाहत आणि पिशवी हलवत पुढे जात. माझ्या दुकानात कान भरून ऐकू येई.

"माय वं, तिथं गेलं तं पोरीचं लगन होईन का?"

"आमच्या ह्यायच्या गोळ्या सरल्या. पन त्या पाटीखालून कोन जाईन?"

"बाई चांगल्या हायत गा. पन पाटी वाईट हाय."

बाई दर बाजाराला वेळेवर येत. दार उघडत, बाकडी पुसत आणि पाटीखाली खुर्ची टाकून बसत. समोरून ओळखीचे माणूस गेले तर हाक मारीत नसत; त्याला अवघड व्हायला नको म्हणून नजर दुसरीकडे वळवत. मात्र ज्यांच्या गोळ्या संपत आल्या होत्या त्यांच्या गावी दुसऱ्या दिवशी स्वतः जात. कधी एस.टी., कधी बैलगाडी, उरलेले पायी. गोळ्या बंद पडून एकही माणूस पुन्हा दोरावर गेला नाही.

मी म्हणालो, "हे रोगी तरी तिमाहीत धरा. तुम्ही तपासलेच ना?"

"केंद्रावर आले नाहीत. धरता येणार नाहीत."

"मग दर जाईन, बाई. इतक्या वर्षांची मेहनत जाईन. सिंदीला बसायला तुमच्याकडे शिकलेला नवा डॉक्टर पोरगा तयार झाला आहे, समुद्रपूरले त्याच्यासंगची डॉक्टर मुलगी तयार आहे. दोघंही या दराची वाट पाहून राह्यले."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. पुसलेले बाकडे त्यांनी पुन्हा पुसायला घेतले. "तिमाही संपलेली नाही."

तिमाही संपायला फार बाजार उरले नव्हते. आता आमच्या धंद्यात एक रीत आहे. सकाळी पहिला सौदा होईपर्यंत, म्हणजे बोहनी होईपर्यंत, दुकान बांधल्यासारखे असते. गिऱ्हाईक येत नाही, आलेले थांबत नाही. म्हणून जाणता व्यापारी कधीकधी ओळखीच्या माणसाकडून मुद्दाम बोहनी करून घेतो. एकाने घेतले की दुसरा आपोआप थांबतो. मी ठरवले, या दवाखान्याची बोहनी आपण करायची.

त्या बाजाराला मी दुकान तासभर उशिरा उघडले. घरी अंघोळ करून धुतलेले धोतर नेसलो, कोट घातला, टोपी घातली, जसा लग्नाला निघालो. भर बाजारातून चालत गेलो आणि पाटीखालच्या बाकड्यावर सर्वांना दिसेल असा बसलो. बाजारातला निम्मा आवाज बंद झाला.

बाई आतून बाहेर आल्या. "काय होतंय तुम्हाला?"

मी हळूच म्हणालो, "काही नाई जी. बोहनी करायला आलो."

"मी बोहनी करत नाही. रोगी तपासते. आत या, नाही तर बाकडं मोकळं करा."

आता उठून जाणे शक्य नव्हते. बाजार पाहत होता. आत गेलो. बाई समोर बसल्या, चष्मा पुसला आणि विचारले, "जाग किती वाजता येते?"

एवढाच प्रश्न. माझी बायको जाऊन तेव्हा तिसरे वर्ष होते. मी पहाटे तीनला उठून दुकान झाडत असे. बाजार म्हणे, बापूशेठ भारी मेहनती माणूस. मलाही ते पटले होते. बाईंना ते कोणी सांगितले नव्हते. सात-आठ वर्षे शेजारी बसून त्यांनी पाहिले होते. आत काय बोलणे झाले ते लिहीत नाही. त्याच कारणासाठी एकदा माझी गादी हलवली गेली आहे. तासाभराने बाहेर आलो तेव्हा माझे डोळे लाल होते आणि हातात गोळ्यांची पुडी होती.

समोरची भाजीवाली जनाबाई ओरडली, "काय झालं बापूशेठ? पागल झाले का बाप्पा?"

"हाव!" मी म्हणालो. "बारा रुपयांचा पागल हाओ. सरकार पैसे देऊन राह्यली. तुह्यासाठी देते का पाह्य!"

बाजार हसला. हसू द्यावे. हसलेल्या बाजाराची भीती अर्धी होते.

पुढच्या बाजाराला बाकड्यावर माणसे दिसली. आधी आमच्या ओळखीचे दोघे भाऊ आले, धाकटा पुढे आणि थोरला मागे. मग तोंडावर पदर घेतलेल्या बाया. मग पदर न घेतलेल्या. साहेब तिमाहीच्या शेवटी न कळवता आले, तेव्हा आत बसायला जागा नव्हती म्हणून बाहेर बाकड्यावर टेकले. शेजारच्या म्हातारीने त्यांच्याकडे मायेने पाहिले.

"काऊन बाबू, तुले बी झोप येत नाई का?"

"मी तपासायला आलोय, आजी."

"हाव, आमीबी तपासालेच आलो. लाजू नोको. बाई चांगल्या हायत. घरचं कोनी संग नाई आलं का तुह्या?"

साहेब लाजले. पण त्यांनी म्हातारीला विचारले, तुमच्यासोबत कोण आहे? ती म्हणाली, "सून हाय ना आतमंदी. रोगी मी हाओ, पन बाई आदी तिच्याशीच बोलतेत. तिले तरास माह्याच." तिमाहीनंतर बारा रुपयांचा दर साऱ्या विभागाला लागू झाला. सिंदीला तो मुलगा बसला, समुद्रपूरला ती मुलगी बसली. दोघेही अजून तिथेच आहेत, आणि दोघेही आधी दोर धरणाऱ्याशी बोलतात. त्या वेळी झटक्याचे यंत्र घेतलेले डॉक्टरही आता महिन्यातून दोनदा बाईंकडे बसायला येतात. बाईंनी त्यांना एका शब्दाने मागचे विचारले नाही. पहिल्या दिवशी चहा दिला आणि रोग्याचा कागद पुढे सरकवला.

माझ्यापुरते सांगायचे तर मी आता पाचला उठतो. आणि देवळीच्या बाजारात कोणीही विचारो न विचारो, मी छाती ठोकून सांगतो, की त्या पाटीखालून पहिला माणूस मी गेलो. त्या दवाखान्याची बोहनी या बापूची. गेली पाच-सहा वर्षे सांगतो आहे. लग्नात सांगितले, बारशात सांगितले, एका आमदारालाही सांगितले.

तो बारा रुपयांचा दर आजही बाराच आहे. एस.टी. वाढली, गोळ्या वाढल्या, ज्वारी वाढली. बाईंनी वाढीचा अर्ज केला आहे. तो दोनदा परत आला आहे आणि त्यातल्या हरकतीपुरता तिसरा अर्ज तयार आहे. येत्या डिसेंबरात साठी ओलांडलेल्या बाई पुन्हा नागपूरच्या रांगेत उभ्या राहतील. मीही राहीन. डबा दोघांना पुरेल एवढा आणायचे त्यांनी कबूल केले आहे. तेव्हा मित्रहो, बाईंना शंभर वर्षे मिळोत असे आपण म्हणू, पण सरकारी कागदाची चाल पाहता शंभर पुरतील असे मला वाटत नाही. म्हणून मी जरा चढा भाव सांगतो: दर वाढेपर्यंत, आणि वाढल्यावर पुन्हा कमी पडेपर्यंत, त्यांचे पाय, डोळे आणि आवाज असेच शाबूत राहोत. त्यांची झोपही गाढ राहो. इतरांची झोप त्या राखतात, त्यांच्या झोपेची राखण करणारे दुसरे कोणी नाही.

हा लेख छापायला देण्याआधी मी बाईंना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि एकच दुरुस्ती सांगितली.

"बापूराव, त्या दिवशी तुम्ही तिसरे होतात. दोघं जण सकाळीच येऊन गेले होते."

ते दोघे कोण, हे त्यांनी सांगितले नाही.